पाव कोणाच्या हातचा?



चालकांनी मला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा संप, मोर्चे, गिरण्या असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. मी विषय कळविला तो पावाचा. आणि तोही घरी भाजलेल्या, पोटात चीजचा तुकडा ठेवलेल्या गोल पावाचा. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पेण आणि रोहा ह्या दोन गावांत असे पाव घरच्या घरी करणाऱ्या आणि मागणीप्रमाणे शेजारीपाजारी विकणाऱ्या भगिनी मला आता बऱ्याच ठिकाणी भेटतात. वाढदिवस असला की पूर्वी शिरा-पुरी होई, आता हा पाव होतो. ह्यात इतिहास तो काय, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, आपल्या ह्या जिल्ह्यात पावाबद्दल चारशे वर्षे एकच प्रश्न विचारला गेला. तो चवीचा नव्हता, किमतीचाही नव्हता. पाव कोणाच्या हातचा, एवढाच तो प्रश्न. आजचा घरचा पाव समजून घ्यायचा तर त्या प्रश्नाचाच माग काढावा लागतो.

रोह्याची कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लईचा डोंगर. पोर्तुगीजांनी इ. स. १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने तिथे किल्ला बांधावयास घेतला. १५९४ मध्ये कोर्लईही घेतली. आणि वसई पडल्यानंतर १७४० साली ते ठाणे मराठ्यांकडे आले. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे खाडीच्या तोंडाशी गव्हाचा आंबवलेला पाव खाणारी माणसे राहत होती आणि खाडीच्या वरच्या अंगाला, भरतीच्या पाण्यावर मचवे जिथवर येत त्या रोह्यात, भात खाणारी. अंतर थोडे, पण पाव काही वर चढला नाही. शब्द मात्र चढला. पोर्तुगीज भाषेतला ‘पांव’ आपण ‘पाव’ म्हणून घेतला. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली एक बोली आजही घरात बोलतात; ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे तिचे नाव. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे होऊन गेली तरी ती बोली टिकली आहे, हे मला नेहमी विशेष वाटते.

आता ह्या ‘पाव’ शब्दाची आपल्या लोकांनी लावलेली व्युत्पत्ती पाहा. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव! मी लहानपणी ही ऐकली आणि परवा एका शिकलेल्या गृहस्थाकडूनही ऐकली. शब्द परक्या भाषेतला, त्याचा आपल्या पायाशी संबंध असण्याचे कारण नाही. पण ही व्युत्पत्ती टिकली, कारण ती सोयीची होती. ज्याच्या हातचे खायचे नाही त्याच्या हाताऐवजी त्याचा पायच दाखविला की काम झाले. दुसरी दंतकथा वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येते: पाद्र्याने विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने नकळत पाणी प्यायले, आणि अख्खे गाव बाटले. धर्मांतरे झाली ती सत्ता, सक्ती, लोभ, श्रद्धा अशा अनेक कारणांनी झाली. परंतु ह्या गोष्टीत खरे बळ कोणाचे ते लक्षात घ्या. तुकडा टाकणाऱ्याचे थोडेच. पाणी प्यायलेल्या माणसांना परत घरात न घेणाऱ्यांचे फार.

पेण-रोह्याला आंबवणाचा दुसराही एक जुना इतिहास आहे आणि तो पोर्तुगीजांचा नव्हे. बेने इस्रायल, ज्यांना आपण तेलाच्या घाण्यांमुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे ‘शनिवार तेली’ म्हणत असू, ते ह्या गावांचे जुने रहिवासी. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावेच साक्ष देतात. अलिबागला १८३० साली जन्मलेल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. वल्हांडणाच्या सणाला ह्या लोकांत ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट पातळ पदार्थाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. तितके दिवस आंबवलेले काही खायचे नाही. नवल असे की, खाली रेवदंड्याच्या देवळात, म्हणजे इगर्जीत, मिस्सेला लागणारी गव्हाची चकतीही बिनआंबवलेलीच. एका नदीच्या दोन टोकांना दोन धर्म आंबवण बाजूला ठेवून देवापुढे जात होते, आणि तिसरा धर्म आंबवलेल्या पावामुळे बाटत होता. आमच्या घरी इडली-आंबोळीचे पीठ रात्रभर आंबते त्याने मात्र कोणी बाटल्याचे ऐकिवात नाही. तात्पर्य, आंबवण हे निमित्त. खरा प्रश्न हाताचा.

ह्या प्रश्नाला पहिल्यांदा उघड, किंबहुना उघड होण्याच्या भीतीने गुपचूप, तोंड दिले ते मुंबईतल्या परमहंस सभेने. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ साली ती काढली. जातिभेद मानणार नाही ही तिची प्रतिज्ञा. आणि सभासद व्हायचे तर ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खायचा, ही परीक्षा. विचार करा, ग्रंथ वाचून दाखवा म्हटले नाही, भाषण करा म्हटले नाही. पाव खा म्हटले. ही माणसे शहाणी होती. जात डोक्यात असते असे आपण म्हणतो, पण ती घशात अडकते हे त्यांनी ओळखले होते. सभा गुप्त चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे बाहेर पडतील ह्या धाकाने मंडळी पांगली. मी संघटनेचा माणूस, मला ह्या प्रसंगाचे दुःख होते तसे आश्चर्य वाटत नाही. सभासदांची यादी मालकाच्या हाती पडली की काय होते ते मी पाहिले आहे.

पुढे तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण झाले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक ह्यांच्यासारखी माणसे तिथे गेली होती. नावे छापून आली, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली, आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. बिस्किट म्हणजे काय, तर दोनदा भाजलेला मैदा. एवढ्यावर देशातल्या पहिल्या प्रतीच्या बुद्धिमंतांना जाब द्यावा लागला.

हे सारे वरच्या वर्गातले. खालच्या माणसाचा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात सुटायचा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळ्यात एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. विहिरीतल्या पावाची दंतकथा आणि महाडची ही घटना शेजारी शेजारी ठेवा. एकीत पाण्यात पाव पडला म्हणून माणसे बाहेर, दुसरीत माणसांनी ओंजळ घातली म्हणून पाणी बाद. पाव आणि पाणी ह्या दोन वस्तूंचा इतिहास आपल्याकडे वेगळा करता येत नाही. म्हणून शाळेच्या डब्यात एका मुलीने आपल्या घरचा पाव मोडून दुसरीच्या हातावर ठेवला आणि तिने आडनाव न विचारता खाल्ला, तर ती गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. अजून सगळीकडे तसे होते असेही मी म्हणणार नाही.

असो. आता भट्टीकडे वळू, कारण माझे आयुष्य त्या बाजूला गेले.

मुंबईत पावाचा धंदा आधी गोवेकरांच्या हाती होता. मागून इराणी आले. गोव्यात माडाची सूर पिठात घालून ते आंबवीत. आपल्या किनाऱ्यावरही माड-ताड होते, भंडारी होते. पण १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीवर कर चढला आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ती मिळेनाशीच झाली. तेव्हा खमीर आले ते कारखान्यातून. तालुक्याच्या गावांतल्या बेकऱ्या त्यानंतरच्या. मालक बहुधा कोकणी मुसलमान, आणि कारागीर बहुधा उत्तर प्रदेशातले, बायकामुले गावी ठेवून आलेले. संध्याकाळी पीठ भिजते, दहाच्या सुमारास गोळे पडतात, मध्यरात्रीनंतर भट्टी पेटते, विस्तव ओढून काढून भट्टीची जमीन पुसतात, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने लाद्या आत जातात. पाचला सायकली निघतात. आपण ‘ताजा पाव’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याची न झोपलेली रात्र असा त्याचा अर्थ असतो.

हे दुखणे जुने आहे. १७०० साली इटलीतल्या मोदेना शहरी रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात भटारी हे रात्रीचे कामकरी आणि पिठाची धूळ त्यांच्या छातीत जाऊन दमा होतो, हे लिहून ठेवले. १८६२ साली ट्रेमेन्हिअर ह्या सरकारी अधिकाऱ्याने लंडनच्या भटारखान्यांची पाहणी केली. तिचा उपयोग मार्क्सने ‘भांडवल’मध्ये केला आहे. पुढल्याच वर्षी विलायतेत कायदा होऊन अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री भट्टीवर ठेवण्यास बंदी झाली. १९२५ साली जिनिव्याच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने त्याही पुढे जाऊन पाव रात्री भाजूच नये असा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिली नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच कारखाना मानायचा, असे ठरले. २०२० साली संमत झालेल्या संहितेने ही संख्या वीस केली. आपल्या गावच्या भट्टीवर माणसे असतात पाच, सहा, फार तर आठ. ती दहाच्या हिशेबातही बसत नव्हती, वीसच्या हिशेबात कुठून बसणार?

एका बेकरीचे उदाहरण सांगतो, गाव सांगत नाही. मजुरी मैद्याच्या पोत्यामागे. आम्ही मागणी केली की, पीठ फुगायला लागणारा वेळही कामाचा धरा. मालक म्हणाला, तेवढ्यात ही माणसे पोत्यांवर झोपतात, झोपेचे पैसे का द्यायचे? त्यावर एका वृद्ध कारागिराने उत्तर दिले, “पीठ उठते तेव्हा आम्हाला उठावे लागते, शेठ. आमच्या मर्जीने नाही.” ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो पुढे कामी येईल.

गव्हाचे थोडक्यात सांगतो. कोकण भाताचा देश. गहू इथे घाटावरून किंवा बोटीतून आला. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू मुंबई बंदरात उतरू लागला आणि रेशनवर गेला. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही सार्वजनिक कंपनी काढली; यंत्रांनी केलेला, कागदात गुंडाळलेला पाव त्यातून घरोघर गेला. २००० साली केंद्र सरकारने तिचे बहुतांश भाग एका खाजगी कंपनीला विकून खाजगीकरणाचा श्रीगणेशा केला. पावापासूनच का केला, हे अर्थशास्त्र्यांनी सांगावे. मध्यंतरी वडापावाने गिरणगाव व्यापला होता, आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर जे कामगार गावी परतले त्यांच्याबरोबर तो आपल्या एस. टी. स्टँडांवर पोहोचला. कोकणात पावावरचा शेवटचा आक्षेप भुकेने आणि बटाट्याने उडविला असे मी समजतो.

राहिले चीज. इथे एक गमतीची अडचण आहे. आपल्या भाषेत दूध फाटले तर ते ‘नासले’. नासणे हा शब्दच निकाल देऊन टाकतो. मुद्दाम दूध फाडणे हे पुष्कळ घरांत अशुभ मानत. व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, दही लावतो, पण दूध फाडून त्याचा गोळा करावा हे आपल्या स्वयंपाकात नव्हते. बंगालात छेना आला तो हुगळीच्या पोर्तुगीजांमुळे, असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. सुरतेच्या पारशांनी टोपलीतले पनीर केले, ते लुसलुशीत आणि पाण्यात पोहणारे. पण लिंबू किंवा आंबट घालून फाडलेले पनीर विस्तवावर वितळत नाही, आहे तसेच राहते. वितळते ते रेनेट घालून जमविलेले चीज. रेनेट मूळचे वासराच्या जठरातले. तेव्हा इथेही पुन्हा धर्म आडवा. सूक्ष्म जंतूंपासून रेनेट मिळू लागल्यावर ती अडचण दूर झाली. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली पंधरा दिवस दूध न विकता मक्तेदार पोल्सनला वठणीवर आणले आणि आपली सहकारी संस्था काढली. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही म्हणणाऱ्यांना कुरियन आणि दलाया ह्यांनी १९५५ साली आणंदला करून दाखविली. पुढे त्याच दुधाचे चीज झाले. आपल्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला, तो भाताचा. खेड्याचा संप दुधाचा. चीजची वडी हातात घेताना ती एका संपातून निघाली आहे हे आठवावे, एवढेच माझे सांगणे.

आता घरची भट्टी. आपल्या घरात चूल होती, तवा होता. चारी बाजूंनी आच देणारे साधन नव्हते, असे म्हणतात. ते सर्वस्वी खरे नाही. थंडीत शेतावर आपण पोपटी लावतो ती काय आहे? मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, ओवा, जाडे मीठ; तोंड पाल्याने गच्च दाबून मडके उपडे घालायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा शिपका मारून चर्र आवाज आला की झाली. ही बंद भट्टीच होय. फक्त तिच्यात पीठ कोणी घातले नाही. मधल्या काळात गावोगावच्या बायका रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि नानखटाई भाजून डबे भरून आणीत. सामान घरचे, विस्तव भट्टीवाल्याचा. म्हणजे सोवळे निम्मे सुटले होते. मग कुकर आला. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, तळाला जाड्या मिठाचा थर द्यायचा, वर चाळणी, आणि त्यात केक. पेणेच्या मिठागरांतले मीठ पिढ्यान्‌पिढ्या भातात पडले, ते असे भट्टीची जमीन झाले. विजेची छोटी भट्टी ही अलीकडची.

अर्धा किलो मैद्याला तीनशे मिलिलिटर कोमट दूध, दीड चमचा कोरडे यीस्ट, तेवढेच मीठ, थोडी साखर आणि चाळीस ग्रॅम लोणी. मीठ यीस्टवर थेट टाकू नये. पीठ ओढले असता पापुद्र्यासारखे ताणेल इतके मळायचे. आपल्याकडे वैशाखात ते पाऊण तासात दुप्पट होते, पौषात दीड तास घेते. घड्याळावर जाऊ नये, पिठावर जावे. पन्नास-पन्नास ग्रॅमचे सोळा गोळे. चीजचे तुकडे आधी थंड करून ठेवायचे, म्हणजे पाव भाजेपर्यंत ते पाझरत नाहीत. गोळ्याची कड नीट चिमटून शिवण खाली ठेवायची. इथे हयगय झाली की चीज ताटात आणि पाव पोकळ. पुन्हा चाळीस मिनिटे फुगू द्यायचे, वरून दुधाचा हात, आणि १८० अंशांवर वीस मिनिटे. हे मला पेणच्या एका भगिनीने शिकविले. माझे पाव तिच्याइतके गोल होत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असे फर्माविले. हवा शुद्ध झालीच पाहिजे. पण जुन्या भट्ट्या मिटतील तसे हे काम थोडे यंत्राकडे आणि थोडे घरांकडे सरकेल, असा माझा अंदाज आहे. आणि घरातल्या कामाला कोणती संहिता लागू करायची?

त्या भगिनीची हिशेबाची वही मी पाहिली. मैदा, यीस्ट, लोणी, चीज, वीज, खोके, सगळे रकाने नीट. तासांचा रकाना नव्हता. सकाळी सातला मागणी पोहोचवायची तर ती चारला उठते. मी म्हटले, “ताई, तीन तास मांडा.” तिने मांडले, आणि थोडा विचार करून त्यातले दोन खोडले. मी कारण विचारले. ती म्हणाली, “दादा, पीठ फुगतं तेवढ्यात माझी पोळी-भाजी होते, पोरांचे डबे होतात. तो वेळ पावाचा कसा धरू?” मी तिला पोत्यांवर झोपणाऱ्या त्या वृद्ध कारागिराचे वाक्य सांगितले. तिने पेन्सिल हातात धरून ठेवली. दोनातला एक तास परत लिहिला, दुसऱ्याचे अजून आमचे ठरायचे आहे.